वरची दोन बोटं माती

त्याने मारलेली नांगराची रेघ इतकी सरळ पडायची की शेजारी त्याला ओळंबाच म्हणत. खरं नाव फक्त मतदार यादीत उरलं होतं. साठी उलटली तरी गहू पेरण्याआधी रान खालीवर करून, तण मुळासकट उपटून, पाटीसारखं स्वच्छ केल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे.

मुलाचं लग्न झालं आणि शेतीचं शिक्षण घेतलेली सून घरात आली. तिने अर्धं शेत मागून घेतलं आणि तिथे नांगर बंद केला. तण फुलावर यायच्या आत ती कापायची आणि जागच्या जागी पसरून द्यायची. तणाने घेतलं ते मातीलाच परत, असं तिचं म्हणणं. ओळंब्याला ते कुजकं अंथरूण बघवत नसे. तीन वर्षं दोघांची जुंपलेली, आणि मुलगा बिचारा मधे मान खाली घालून जेवायचा. शेवटी ठरलं, माती तपासायची. सुनेच्या अर्ध्यात कस कमी निघाला, तर सगळ्या शेतात नांगर फिरणार.

नमुने काढायच्या वेळी सून माहेरी होती. ते ओळंब्याने काढले, आणि त्यात लबाडी अजिबात केली नाही.

निकाल फोनवर कळला. सुनेच्या मातीत स्फुरद कमी, सेंद्रिय द्रव्यही कमी. तिने तो मान्य केला. शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळंब्याने ट्रॅक्टरला नांगर जोडून तिच्या अर्ध्याच्या तोंडाशी आणला. ती बांधावर उभी होती. जिंकल्यावर माणूस जरा उदार होतोच.

"वाईट वाटून घेऊ नकोस, सूनबाई," तो म्हणाला. "तुझे नमुने मी माझ्या नमुन्यांपेक्षा नीट काढले. कुजका पाला बाजूला केला, वरची दोन बोटं काळी घाण खरडून टाकली, आणि खालची स्वच्छ माती पाठवली."

सून बांधावरून उतरून ट्रॅक्टरसमोर आली.

"बाबा, नांगरलं की सगळं खालीवर मिसळतं," ती हळू म्हणाली. "नाही नांगरलं तर वरच साठतं. माझं जे काही होतं, ते त्या दोन बोटांतच होतं."

एवढं बोलून ती वाटेतून बाजूला सरली. तिने अडवलं असतं तर ओळंब्याने भांडण केलं असतं. हे बाजूला सरणं मात्र त्याच्या जिव्हारी लागलं.

त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. पाला सारून मूठभर माती उचलली. काळी, भुसभुशीत, ओलसर होती. बघता बघता त्याची बोटं तिच्यातल्या काड्या वेचू लागली. ते ध्यानात आल्यावर त्याने मूठ सोडली.

"नमुना परत काढू," तो म्हणाला. "पण तू काढ. मी काढला तर परत साफ करीन."