कळकाएवढं अंतर

मी लिहायला बसलो आहे, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात याआधी कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि ते अर्जही दुसऱ्याकडून लिहून घेतलेले. माझं शुद्धलेखन बरोबर आहे याची मला खात्री नाही. शिवाय ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती डॉक्टर लोकांची. मी बी.एस्सी.ला आहे, तोही रसायनशास्त्रात एकदा नापास झालेला. पण ज्यांना हे नीट लिहिता आलं असतं त्यांनी लिहिलं नाही. म्हणून मी लिहितो.

माझ्या वडिलांच्या तेराव्याला माझ्या आईला कळकानं मारलं.

कळक म्हणजे बांबू. विंझरच्या पुढं आमची वाडी आहे. तिथं प्रत्येक घराच्या वळचणीला एखादा लांब कळक असतो. आंबे पाडायला, साप हुसकायला. बायकोला हातानं मारणं, लाथेनं मारणं वाडीत नवीन नव्हतं. पण आईला हातानं शिवायचं नव्हतं, म्हणून कळक. वडील कापूरहोळहून ट्रकवर जायचे. ज्या रोगानं ते गेले तो आईच्याही रक्तात आहे, असं दवाखान्याच्या कागदावर होतं. तो कागद घरी यायच्या आधी बातमी वाडीत पोचली होती. साल सत्त्याण्णव. मी पाचवीत होतो.

आई सकाळपासून गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. चुलीकडं येऊ दिलं नव्हतं. पंगती उठल्या, तिला कुणी वाढलं नाही. मग ती उठून आत आली आणि गुंजवण्याहून, तिच्या माहेराहून आलेल्या पितळी ताटात तिनं स्वतःच भात घेतला. एवढंच केलं तिनं.

माझे धाकटे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणतो. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत ते तिला 'वैनी' म्हणायचे. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "कळक आण."

मला वाटलं मांडवात कुत्रं शिरलंय. मी पळत गेलो. कळक आणला. त्यांच्या हातात दिला.

मीच दिला.

पहिला फटका ताटावर. भात उडाला. दुसरा उजव्या खांद्यावर, तेव्हा जो आवाज आला तो सुका फाटा मोडल्यासारखा होता. मग नानांनी कळक आडवा न मारता सरळ धरला आणि त्याचं टोक तिच्या पोटात ढोसलं. एकदा, दोनदा, तीनदा. वैरण रेटतात तसं रेटत तिला उंबऱ्याबाहेर काढलं, तिथून अंगणाबाहेर. ती दोन्ही हातांनी टोक धरत होती आणि ते सुटत होतं. माणसं गोल करून उभी होती. कुणी पुढं आलं नाही. मग तिच्या तोंडातून रक्त आलं आणि कुणीतरी म्हणालं, "रगत, रगत." सगळा घोळका मागं पळाला. मारणं थांबलं ते त्यामुळं. दया आली म्हणून नाही. रक्त उडेल म्हणून.

जिथं रक्त पडलं तिथं राख टाकली. तिचं अंथरूण रॉकेल ओतून पेटवलं. ताट उकिरड्यावर. मी रस्त्यापर्यंत तिच्या मागं गेलो आणि मग परत फिरलो नाही.

कापूरहोळला वडिलांचे दोस्त रशीदभाई यांचं गॅरेज होतं. मागं एक खोली होती, टायर ठेवायची. ते म्हणाले, "वैनी, टायर काढून घेतो. झाडून घ्या." दुसरं काही विचारलं नाही. पण चहाच्या त्यांच्या ग्लासांत आईच्या ग्लासाला त्यांनी लाल रंगाचा ठिपका लावला होता. हेही लिहिलं पाहिजे. दोनेक वर्षांत घासून घासून तो ठिपका गेला. पुन्हा कुणी लावला नाही.

डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षं, फार तर तीन. आईनं माझी व्यवस्था लावायला घेतली. भोरच्या वसतिगृहात नाव घातलं. रशीदभाईंना सांगून ठेवलं. आणि मग ती मेलीच नाही. तीन वर्षं गेली, पाच गेली. ढाब्यावर रोज शे-दीडशे भाकऱ्या थापत होती. खांदा वर जात नव्हता म्हणून परात खाली ठेवून बसायची. साधा तापसुद्धा नाही. अंग भरलं. औषधाची एक गोळी नाही.

हाच तिचा गुन्हा ठरला.

दरवर्षी पित्तरपाटात, म्हणजे पितृपंधरवड्यात, ती वाडीवर जायची. वडिलांच्या नावानं घास ठेवायला. आत घेत नसत, अंगणाच्या कडेला ठेवून परत यायची. मी दहावीत असताना तिच्याबरोबर गेलो. नाना दारात उभे होते, हातात कळक आडवा धरून. तिला खालीवर बघून हसले. म्हणाले, "बघा रं, कशी गुबगुबीत झालीय. इचू सवताच्या इखानं मरतो व्हय? हिचंच हुतं. हिनंच दिलं त्याला." माणसं हसली. आई वाकून पान ठेवायला गेली तेव्हा कळकाच्या टोकानं त्यांनी ते पान उलटं केलं. घास मातीत.

मी सोळा वर्षांचा होतो. दांडगा होतो. मी काही केलं नाही.

त्याहून वाईट पुढं आहे. परतीच्या एस.टी.त आई पुढं बसली आणि मी तिच्या शेजारची जागा सोडून मागच्या सीटवर जाऊन बसलो. तिच्या मानेकडं बघत होतो. नाना म्हणाले ते खरं असलं तर? ट्रक चालवणारा बाप, मुक्काम कुठं कुठं करणारा बाप, त्याच्यावर मी कधी शंका घेतली नव्हती. घेतली ती भाकऱ्या थापणाऱ्या आईवर. कारण ती जिवंत होती.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना सरकारी तपासणीत तिचं रक्त पाहून तिला पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथले मोठे डॉक्टर खूश होते. खरंच खूश. म्हणाले, हिच्यासारखं माणूस शेकड्यात एखादंच सापडतं. रक्तात विषाणू मोजण्याइतकासुद्धा सापडत नाही. औषधाशिवाय. तो कसा रोखला गेला ते पाहायचं तर रक्त पुरत नाही, आतड्याचा तुकडा लागेल.

एक फॉर्म दिला. मराठीत होता. 'मलाशयाच्या श्लेष्मल आवरणातील ऊतींचा नमुना संशोधनार्थ घेण्यास माझी संमती आहे.' मी दोनदा वाचलं. मला कळलं नाही. मराठी माझी भाषा, मी कॉलेजात शिकतो, आणि मला कळलं नाही. नर्स समोर उभी होती. विचारायची लाज वाटली. आईनं विचारलं, "काय लिवलंय?" मी म्हणालो, "पोट तपासणार आहेत."

"दुकंल का?"

"नाही."

तिनं अंगठा दिला. मीच तिचा हात धरून शाईवर ठेवला.

आत एका टेबलावर तिला डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी. लुगडं वर. पडदा ओढलेला नव्हता. दहाबारा शिकाऊ डॉक्टर आत आले आणि अर्धवर्तुळात उभे राहिले. मी दाराशी. हातमोज्यांच्या दोन दोन जोड्या घातलेल्या डॉक्टरांनी लांब नळी उचलली. नळी आत गेली तेव्हा आईनं टेबलाची कड धरली. ती ओरडली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. चिमट्यानं एकेक तुकडा तोडून बाटलीत टाकत होते, आणि टेबलावरच्या कागदावर रक्त उतरत होतं. एक शिकाऊ म्हणाला, "नवरा गेला आणि ही टुणटुणीत. कुणीकुणी काय काय खिलवलं हो बाईला?" बाकीचे हसले. मोठे डॉक्टरही. फार नाही. जरासं.

खाली आईचं गाठोडं पडलं होतं. सफाईवाला आला. त्यानं फरशी पुसायच्या दांड्याच्या टोकानं ते गाठोडं भिंतीकडं ढकललं. हात न लावता. लांबून.

तो दांडा मी हिसकावला. वर उचलला. तो माणूस डोक्यावर हात घेऊन खाली बसला. माझ्याच वयाचा असेल, पायात तुटकी चप्पल. मी उचललेला दांडा बघितला आणि मला माझा हात दिसला. नानांचा हात. मारलं असतं. मला मारायचंच होतं. कुणाचंतरी डोकं फुटलेलं पाहायचं होतं, आणि समोर सगळ्यात स्वस्त डोकं त्याचं होतं.

दांडा गुडघ्यावर मोडला. दोन्ही तुकडे डॉक्टरांच्या पायाशी टाकले. मी बोललो ते शब्द बरोबर आठवतात.

"हे सगळे बाहेर जातील. पडदा लावा. आणि आतड्यात काय सापडलं ते आम्हाला लेखी द्यायचं. मराठीत."

"तुला कळणार आहे का त्यातलं?"

"आज नाही कळणार. मी शिकीन. पण द्यायचं."

त्यांनी शिपायाला हाक मारली. मला दंडाला धरून बाहेर काढलं, जिन्यात दोन ठेवून दिल्या. ओठ फुटला. पण आतून पडदा ओढल्याचा आवाज मी ऐकला.

जिन्याखाली आई आली तेव्हा मी तिला फॉर्मबद्दल सांगितलं. मला कळला नव्हता, मी खोटं बोललो. कळकही मीच आणून दिला होता, तेही सांगितलं. ती म्हणाली, "कळकाचं म्या बगितलं हुतं रं." नऊ वर्षं तिला माहीत होतं.

पुढची दोन वर्षं मी दर महिन्याला त्या दवाखान्यात जात होतो. दर वेळी उत्तर वेगळं: नमुने बाहेर पाठवलेत. अहवाल पेशंटसाठी नसतो. साहेब नाहीत. मी जात राहिलो. मधल्या काळात वाचलं. शब्दकोश घेऊन एकेक ओळ. हा विषाणू शरीरात शिरला की पहिल्या काही आठवड्यांत आतड्याच्या अस्तरावर तुटून पडतो. शरीराच्या बहुतेक संरक्षक पेशी तिथंच असतात आणि तिथंच त्यांची कत्तल होते. रक्तात कळेपर्यंत आत उजाड झालेलं असतं. हे मला कळायला चार महिने लागले.

गेल्या आठवड्यात गॅरेजच्या पत्त्यावर पाकीट आलं. त्या अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या एका डॉक्टरबाईनं हातानं मराठीत लिहिलेलं. सुरुवातीला दोन ओळींत तिनं त्या दिवशीबद्दल माफी मागितली होती. ती मी आईला वाचून दाखवली नाही. पुढचं वाचलं. तुमच्या आतड्याचं अस्तर शाबूत आहे. त्यात विषाणूला ओळखणाऱ्या पेशी भरपूर आहेत, रक्तातल्यापेक्षा जास्त जोरात काम करणाऱ्या. एकेक पेशी एकाच वेळी अनेक कामं करते, आणि इतक्या वर्षांनीही त्या थकलेल्या नाहीत. तुमच्याच शरीरानं तो रोखून धरला आहे. असं का होतं ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही.

आई परातीत पीठ मळत होती. हात थांबले. तिनं पदर बाजूला करून स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. जिथं कळक ढोसला होता तिथं.

मग म्हणाली, "कुणाकडनं आलं ते लिवलंय का त्यात?"

"नाही. ते त्यातून कळत नाही."

"मग नानाला काय दावायचं?"

मी पण तेच शोधत होतो, पान उलटून. दोन वर्षं दवाखान्याचे जिने चढलो ते तिच्यासाठी, असं मी समजत होतो. खरं तर मला तिच्या चारित्र्याचा दाखला हवा होता. एस.टी.च्या मागच्या सीटवर बसलेल्या मला. तो दाखला या कागदात नाही. कुठल्याच कागदात नसेल. आणि उद्या कुणी आणून दिला तर मी तो फाडून टाकीन. ती कुणालाही काहीही दाखवणार नाही. भात वाढून घ्यायला दाखला लागत नाही.

"काही दाखवायचं नाही," मी म्हणालो. "पित्तरपाटात आपण जायचं. या वेळी अंगणात नाही. आत."

"आन् त्यानं कळक उचलला तर?"

"उचलू दे. दुसरं टोक मी धरणार आहे. आणि सोडणार नाही."

तिनं पुन्हा पीठ मळायला घेतलं. पित्तरपाटाला अजून एकोणीस दिवस आहेत.