चेहरा गोलात ठेवा

किल्लीकाकांचं दुकान म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर, जिन्याखालची चार बाय सहाची खोबण. किल्ल्या कापायचं मशीन, कानशी आणि एक डुगडुगतं स्टूल, संपलं दुकान. तिथे बसून गेली बत्तीस वर्षं हे गृहस्थ लोकांची अडलेली कुलपं उघडतायत. कुणाच्या दारात गेले की आधी कुलपाकडे बघायचं नाही, आधी मालकाशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, ही त्यांची रीत. स्वतःच्याच घराबाहेर अडकलेला माणूस आधीच ओशाळलेला असतो, त्याला आणखी कशाला खजील करायचं? आणि काम करताना काका डोळे मिटून घेतात. बोटांना आतलं बरोबर कळतं, डोळे नुसती लुडबुड करतात म्हणे.

घरात मात्र त्यांचं काडीचं चालायचं नाही. घर चालायचं काकूंच्या डोक्याने. काकू चौकटीच्या कागदावर विणकामाचे नमुने काढायच्या आणि ते फोनवरून दूरदूरच्या देशांतल्या बायकांना विकायच्या. त्यातल्या एकीने एकदा पैसे दिले ते आभासी नाण्यांत. काका म्हणाले, हवेतले पैसे, हवेतच जायचे. काकूंनी काणाडोळा केला, अशा नाण्यांची देवघेव करणाऱ्या एक्सचेंजवर खातं उघडलं, फोटो दिला, कागद दिले आणि नाणी ठेवून दिली. सहा वर्षांत त्या नाण्यांनी असं काही बाळसं धरलं, की काकांनी त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही.

मग अडीच महिन्यांपूर्वी काकूंना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली आणि चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली. ऐकलेलं सगळं कळायचं, बोलता तेवढं यायचं नाही. दवाखान्याच्या लिफ्टच्या चकचकीत दारात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, आणि त्यानंतर दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही. काकांचा जीव नुसता टांगणीला. काकू घरी यायच्या आधी त्यांनी घरातले सगळे आरसे उतरवून माळ्यावर टाकले. विचारलंच तर खिळे निखळले म्हणून सांगायचं ठरवलं होतं, पण विचारणार कोण? तेव्हापासून ते दाढीही चाचपडत करत होते. कुलपाचं ठीक आहे हो, हनुवटीला ते कसं जमायचं? रोज दोन-तीन चिरे ठरलेले.

डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिने फार मोलाचे, आत्ताच बोलणं शिकवलं तर काकू बोलतील, नंतरचा भरवसा देता येत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी शनिवारपर्यंत जागा राखून ठेवली. पण त्यांची सहा महिन्यांची फी किल्ल्या कापून निघण्यातली नव्हती. नाण्यांची आठवण लेकीने करून दिली. ती लांब राहायची, फोनवरून एकेक पायरी सांगत गेली. काकूंनी स्वतः डाव्या अंगठ्याने फोन उघडला, मान डोलावली, आणि नाणी विकलीसुद्धा गेली. आता एक्सचेंजमधले पैसे बँकेच्या खात्यात घ्यायचे, एवढंच उरलं.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. रक्कम मोठी, खातं बरेच दिवस शांत, म्हणून खातेदाराचा जिवंत चेहरा बघायचाय, असं अ‍ॅपचं म्हणणं. चेहरा गोलात ठेवा. डोळे मिचकवा. मान वळवा. हसा. ज्या गोलात चेहरा ठेवायचा, तो गोल म्हणजे आरसाच की! काकांनी काकूंच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावून घेतला. लेक म्हणाली, बाबा, असं किती दिवस लपवणार? फोनवरून बोलायला काय जातं. काकांनी बॅटरी संपली म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

पण हात टेकतील तर ते किल्लीकाका कसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनच्या पडद्यावर खाकी कागद चिकटवला, कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवलं आणि पडद्याच्या उजेडाने तुझे डोळे दुखतील म्हणून काकूंना सांगितलं. न बघता कुलूप उघडतं, तसं हेही उघडेल असा हिशेब. शहाणपणा नडला. कागदाखाली अ‍ॅप काय सांगतंय ते त्यांनाही दिसेना. ते आठवणीने सांगायचे डोळे मिचकव, अ‍ॅपला हवी असायची वळलेली मान. तीनदा असं झाल्यावर अ‍ॅपने दारच लावून घेतलं. शुक्रवारी सकाळी अकराला आमचा माणूस व्हिडिओवर बोलेल, खातेदाराने समोर असावं, असा निरोप आला. म्हणजे शनिवारच्या आदल्या दिवशी. हीच शेवटची संधी.

गुरुवारी संध्याकाळी काका पलंगाच्या कडेला येऊन बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"अगं, मी तुला तुझ्यापासूनच लपवत होतो. तू पुन्हा जेवणार नाहीस याची भीती वाटायची. मला काही वाटत नाही गं तुझ्या चेहऱ्याचं. तू आहेस ना समोर, मला तेवढं पुरतं."

काकूंनी डावा हात उचलून त्यांच्या हनुवटीवरून फिरवला, एकेका चिऱ्यावर बोट ठेवत. त्यांना सगळं पहिल्यापासून कळलं होतं. मग त्यांनी फोन मांडीवर घेतला आणि नखाने तो कागद हळूहळू सोलून काढला. काळ्या काचेत चेहरा दिसला. त्या बघत राहिल्या. अडलेल्या माणसाशी काय बोलावं हे आयुष्यात पहिल्यांदाच काकांना सुचेना. दोघंही पोटभर रडली. जेवल्या मात्र काकू, थोडंच, पण जेवल्या.

शुक्रवारी अकराला एक तरुण मुलगी पडद्यावर आली. वागायला अदबशीर. तिने खात्यातला सहा वर्षांपूर्वीचा फोटो उघडून पडद्यावर काकूंच्या चेहऱ्याशेजारी ठेवला. त्यात काकू भरल्या गालांनी खळखळून हसत होत्या. मुलीने काकूंना हसायला सांगितलं. अर्धा चेहरा हसला. मुलगी गोंधळली, म्हणाली, माफ करा, पण मला खात्री करावी लागेल. काका उत्तर द्यायला पुढे सरसावले, तर तिने थांबवलं, खातेदारानेच सांगायला हवं. काकांनी काकुळतीला येऊन सांगितलं की तिला बोलता येत नाही, तेवढ्यासाठी तर हे पैसे हवेत. मुलगी मग मान हलवलीत तरी चालेल म्हणाली, आणि हळूच विचारलं, "या फोटोतल्या बाई तुम्हीच का?"

काकूंनी मान हलवली नाही. त्या शेजारच्या त्या हसऱ्या गालांकडे बघत होत्या, मग स्वतःच्या चेहऱ्याकडे. ओठ डावीकडे गोळा झाले. एक आवाज निघाला आणि अर्ध्यात तुटला. पुन्हा निघाला, पुन्हा तुटला. काकांनी त्यांचा हात घट्ट धरला होता.

"मी," काकू म्हणाल्या. दम घेतला. "मीच."

मुलीने डोळे पुसले, हो म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत पैसे बँकेत येतील असं काहीतरी सांगितलं. काकांनी त्यातलं अक्षरही ऐकलं नाही. बोलणं संपलं, पडदा काळा झाला. काका फोन घ्यायला वाकले, तर काकूंनी तो दिला नाही. काचेतल्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा स्पष्ट.