मधली चाळीस मिनिटं

बेचाळीसमामांना खुर्चीत निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्या माणसाचा सत्कारच करायला हवा. खुद्द मामींनी पाहिलेलं नाही आणि त्यांच्या संसाराला छत्तीस वर्षं झाली. चहा उभ्यानं, वर्तमानपत्र येरझाऱ्या घालत, आणि जेवण उरकलं की पहिलं काम म्हणजे चमचे मोजणं. लेकीची सासू पहिल्यांदा घरी जेवायला आली, तेव्हाही मोजले. "तेरा हवेत, बाराच आहेत," असं भर पंगतीत म्हणाले. विहीणबाई आता आल्या की पर्स दाराशीच ठेवतात.

मामांचा त्यात दोष नाही. चौतीस वर्षं विमानतळाच्या हँगरमध्ये गेली. झाडू घेऊन आत शिरले आणि तंत्रज्ञ होऊन बाहेर पडले. तिथला पहिला धडा एकच, की काम संपलं तरी झाकण लावायच्या आधी अवजारं मोजायची. घरात पाना हरवला तर हरवला. विमानाच्या पोटात राहिला तर तो दोनशे माणसांच्या डोक्यावर टांगलेला धोंडा होतो.

निवृत्त झाल्यावर मामांनी वाचनालयामागची खोली मागून घेतली. तिथं आधी रद्दी ठेवायचे. अजूनही पावसाळी हवेत भिंतींना जुन्या कागदाचा वास सुटतो. मधोमध लोखंडी घोडीवर छोट्या विमानाचं एक भंगारात काढलेलं इंजिन, आणि समोरच्या भिंतीवर काळा फळा. फळ्यावर पांढऱ्या रंगानं प्रत्येक अवजाराची आकृती काढलेली, आकृतीवर खिळा, खिळ्यावर ते अवजार. एकूण बेचाळीस. म्हणून मामांचं हे नाव. प्रत्येक अवजाराच्या दांड्यावर मामांनी स्वतः बारीक आकडा कोरलेला. पोरांना पितळी बिल्ले दिलेले. अवजार काढलं की त्या खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा, अवजार परत आलं की बिल्ला खिशात, आणि वहीत नोंद. बेचाळीस भरल्याशिवाय दार उघडायचं नाही. कुणाला कितीही घाईची लागलेली असो.

शनिवार-रविवारी इथं पोरं यायची आणि पोरांच्या आधी त्यांचे बाप.

"आमच्या चिरंजीवांना पायलट व्हायचंय."

"चिरंजीवांना की तुम्हाला?"

"म्हणजे... दोघांनाही."

"आधी त्याचे डोळे तपासून आणा. लाल-हिरवा ओळखता येत नाही, हे फी भरल्यावर कळलेली तीन पोरं मी पाहिलीत. त्यातला एक अजून सिग्नलला शेजारच्याला विचारून गाडी काढतो."

बाप हिरमुसला की मामा जरा खाली यायचे. "अहो, विमान उडवतात दोघं. ते उडण्याजोगं ठेवायला दोनशे लागतात. पत्रा ठोकणारा, वायरी जोडणारा, हवेचा अंदाज सांगणारा, सामानाचं वजन जुळवणारा. पोराचा हात कशात चालतो ते मी चार महिन्यांत सांगतो. वर बघून मान दुखवून घेण्यापेक्षा हाताकडे बघा." तेवढ्यात डोक्यावरून एखादं विमान जायचं, खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि सगळ्यांच्या माना वरच व्हायच्या. मामांची सुद्धा.

आणि प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी टॉर्चची गोष्ट ऐकवायचे. बावीस वर्षांपूर्वी इंजिनाचं झाकण लागलं आणि मामांच्या टॉर्चचं मागचं टोपण सापडेना. विमान थांबवलं, झाकण पुन्हा उघडलं, तीन तास उशीर, प्रवाशांच्या शिव्या, वरिष्ठांचा थयथयाट. शेवटी टोपण निघालं कुठं, तर मामांच्याच पँटच्या दुमडीत. पोरं खो खो हसायची. मग मामा टेबलावर मूठ आपटायचे. "हसा. पण मी ताबडतोब हात वर केला होता! एक क्षण दवडला नाही!" पोरं गप्प व्हायची.

त्या पोरांत एक होती टाचणी. अंगानं तशीच, सरळ आणि बारीक, आणि बोलली की टोचायची. तिची आई हॉटेलाच्या धुलाईखान्यात पायलटांचे शर्ट इस्त्री करायची. "खांद्यावरच्या पट्ट्या मी लहानपणापासून मोजतेय," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, "मला पट्ट्या नकोत. ते शर्ट घालणारे ज्याच्यावर भरवसा ठेवून वर जातात ना, ते काम हवं." मामांना असं वाक्य चौतीस वर्षांत सुचलं नव्हतं. तिचा हातही तसाच. डोळे मिटायला लावून नट हातात दिला तरी माप सांगायची.

परवाच हँगरच्या मोठ्या साहेबांचा फोन आला होता. हा साहेब एके काळी शिकाऊ होता आणि मामांची शिडी धरायचा. मामा त्याला अजून शिडीवालाच म्हणतात. "मामा, शिकाऊची एक जागा आहे. तुमच्या शब्दावर घेतो. रविवारी चारपर्यंत नाव सांगा." नाव मामांच्या जिभेवरच होतं, पण माणूस मोजणारा. म्हणाले, रविवारी सांगतो.

आणि रविवारी सकाळी आठला, तेलाच्या फडक्यानं अवजारं पुसताना, सतरा नंबरचा पाना हाताला वेगळाच लागला.

दांड्यावर आकडा नव्हता. पाना कोरा करकरीत, कडा अजून धारदार. मामांनी चष्मा काढला, पुसला, लावला. कोरा तो कोराच. वही उघडली. काल दुपारी सतरा नंबर एकाच माणसानं नेला होता. टाचणीनं. परत आल्याची खूणही तिच्याच हातची.

म्हणजे पोरीनं पाना हरवला, बाजारातून तसाच दुसरा आणला आणि खिळ्यावर टांगला. काल बेचाळीस भरले होते. मामांनीच मोजले होते.

त्यांच्या पायाला भिंगरी लागली. खोलीतून रस्त्यावर, रस्त्यावरून घरी, घरातून गच्चीवर, गच्चीवरून स्वयंपाकघरात.

"अहो, ती फरशी झिजली," मामी म्हणाल्या. "झालंय काय?"

मामांनी सांगितलं. "साधा पाना गं. भंगारातलं इंजिन. कुणाचं काही बिघडलं नाही. पण जी इथं लपवते ती उद्या तिथं लपवेल. हिचं नाव कसं देऊ?"

"मग देऊ नका."

"अशी पोर दहा वर्षांत आली नाही!"

"मग द्या."

"तुला सगळं सोपं!"

मामींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "सोपं नाही हो. पण एक विचारू? त्या पोरांना टॉर्चची गोष्ट कुठली सांगता? माझ्यापाशी रडत सांगितली होतीत ती, की दुसरी?"

मामा चपला घालून निघून गेले, त्याही उलट्या पायांत.

दहा ते एकचा वर्ग झाला. मामांनी काय शिकवलं ते त्यांनाच ठाऊक. एका पोराला दोनदा तोच प्रश्न विचारला. एक वाजता बेचाळीस मोजले, दार उघडलं, पोरं पांगली. "टाचणी, तू थांब."

तिनं मामांच्या हातातला पाना पाहिला आणि तिचे कान लाल झाले. मामांना वाटलं होतं रडेल. ती रडली नाही.

"मीच आणला नवा," ती म्हणाली. "कसं कळलं?"

"आकडा नाही याच्यावर."

"आकडा..." तिनं कपाळावर हात मारला. "आकड्याचं लक्षातच आलं नाही."

"म्हणजे ते लक्षात आलं असतं तर तोही कोरला असतास?"

ती हळूच म्हणाली, "बहुतेक."

"अगं, मग सांगायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं तुला?"

"सांगणारच होते. काल पाना हातातून सटकला, वाजला, आणि कुठं गेला दिसेना. म्हटलं आधी शोधू, मिळेल. शोधता शोधता तास गेला. आणि तास गेल्यावर कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही ताबडतोब हात वर केला होतात. एक क्षण दवडला नव्हतात. मी तर तास दवडला. म्हणजे मी नापासच झाले होते. नापासाला मग काय, एक लपवलं काय न् दहा लपवली काय! खिडकीतून बाहेर उतरले, पुढच्या गल्लीतल्या दुकानातून आणला, तुम्ही मोजायच्या आत टांगला."

डोक्यावरून विमान गेलं. काचा थरथरल्या. मामांनी मान वर केली नाही. खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"बस," म्हणाले.

"तुम्ही बसा आधी."

"मला जमत नाही. ऐक. ती टॉर्चची गोष्ट खरी आहे. फक्त मधली चाळीस मिनिटं मी काढून टाकलीयत."

तिला कळेना.

"टोपण नाही हे मला झाकण लावल्या लावल्या कळलं होतं. मी गप्प बसलो. घरी पोरगी तापानं फणफणलेली, आधीच एक ताकीद मिळालेली, म्हटलं नोकरी जाईल. मनाशी म्हणालो, असेल इथंच कुठंतरी बाहेर पडलेलं. विमान बाहेर ओढून नेलं, प्रवासी चढायला लागले, मी बघतोय. एक म्हातारी शिडी चढता चढता थांबली आणि तिनं उगाच आमच्याकडे बघून हात हलवला. चाळीस मिनिटं गं. मग ओरडलो. आठ दिवस घरी बसवलं मला, ते उशिरासाठी. चाळीस मिनिटांचं कुणाला कळलंच नाही."

मग तिनं टोचलंच. "मग ती मूठ कशाला आपटायचात?"

"आवाज मोठा केला की आतलं ऐकू येत नाही, म्हणून."

ती हसली नाही. बाही वर सारून इंजिनाकडे गेली. "पाना अजून आतच आहे. काढू या आधी."

दोन तास लागले. काठीला लावलेला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन ती एकेका फटीत डोकावत होती आणि मामा भोवती प्रदक्षिणा घालत होते. "मामा, प्रकाशात येऊ नका!" असं ती तीनदा खेकसली. शेवटी दोन सिलिंडरांमधल्या पत्र्याआड तो सापडला. काढला तेव्हा काळा, तेलकट, आणि दांड्यावर १७.

चारला सात मिनिटं होती. मामांनी फोन लावला आणि तिच्या हातात दिला. "नाव मी सांगेन. बाकीचं तू सांग."

तिनं सांगितलं. पाना, तास, दुकान, नवा पाना, सगळं. शब्द मागं-पुढं झाले पण एकही गाळला नाही. मामा दारातून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यापासून दारापर्यंत चालत होते, म्हणजे जागच्या जागीच. मग तिनं फोन त्यांच्याकडे दिला. "साहेबांना तुमच्याशी बोलायचंय."

"हे असलं नाव देताय मला?" शिडीवाला म्हणाला.

"हेच देतोय. आणि आणखी एक ऐक. त्या टोपणाच्या दिवशी मी..."

"चाळीस मिनिटं. माहितीय."

मामांच्या येरझाऱ्या थांबल्या.

"मामा, तुमच्या शेजारीच उभा होतो मी. तुम्ही टॉर्चकडे बघितलंत, मीही बघितलं. हे कधी बोलतायत, हे कधी बोलतायत, म्हणून वाट बघत राहिलो."

"मग गाढवा, तूच का नाही बोललास?"

"शिकाऊ होतो. माझी तर फाटलीच होती." पलीकडं हँगरचा घणघणाट चालूच होता. मग तो म्हणाला, "पोरीला पाठवा उद्या. पण सहा महिने अवजारखान्याच्या खिडकीवर. द्यायची, घ्यायची, मोजायची. विमानाला हात लावायचा नाही. जमेल का विचारा."

मामांनी विचारलं. टाचणीचा चेहरा पडला. सहा महिने विमानापासून पन्नास पावलांवर उभं राहायचं आणि हात लावायचा नाही! तिनं इंजिनाकडे पाहिलं, मग आपल्या काळ्या बोटांकडे. "जमेल म्हणा," ती म्हणाली. "पण आवडलेलं नाही, हेही सांगा."

पुढच्या रविवारी खोलीत तीन नवी पोरं आणि त्यांचे बाप होते. मामांनी टॉर्चची गोष्ट सांगितली. पँटच्या दुमडीपाशी सगळे हसले. मग मामांनी मूठ आपटली नाही, मधली चाळीस मिनिटं सांगितली. म्हातारीचा हलवलेला हातसुद्धा.

एक बाप उठला. "चाळीस मिनिटं गप्प बसणारा माणूस माझ्या पोराला काय शिकवणार?"

"तेच तर शिकवणार," मामा म्हणाले.

तो पोराला घेऊन गेला. त्याच्या मागून जुन्यांपैकीही दोघं गेले. बिल्ले टेबलावर ठेवून गेले, तेवढी शिस्त होती. तेरांचे दहा झाले, दोन नवे धरून. नव्यांतल्या एकाला बेचाळीस मोजायला पाऊण तास लागला आणि दुसऱ्याला घाईची लागली होती.

त्या दिवशी घरी आल्यावर मामींनी विचारलं, "खिशात काय वाजतंय?"

मामांनी कोरा पाना काढून ओट्यावर ठेवला. "हा. याला फळ्यावर जागा नाही."

"मग टाकून द्या."

"राहू दे. चालताना वाजतो."

"चालणार आहातच तर चमचे मोजून घ्या," मामी म्हणाल्या. "मघाशी मोजले मी. तेरा भरले."

मामांनी तरी पुन्हा मोजले. उभ्यानंच.