मासा लागल्याची खबर

मासा लागला हे माणसाला कळतं कसं, हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो. पाणी गढूळ, मासा खाली, माणूस वर. मध्ये एक दोरा.

माझे बाबा नारपोलीत कापडाचे लूम चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी अंजूरच्या खाडीवर गळ टाकून बसायचे. जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा लाल रंगवून ते दोऱ्याला बांधत. तो पाण्यावर तरंगे. नुसता थरथरला तर खेकडा आमिष कुरतडतोय, सपकन बुडाला तर मासा. हे मी त्यांना इतक्या वेळा विचारलंय की एकदा ते वैतागून म्हणाले, "माशालाच जाऊन विचार."

दोन वर्षांपूर्वी त्यांचा गळ सारखा रिकामा येऊ लागला. मासे शहाणे झालेत, असं ते सांगत. एकदा मी बरोबर गेले. तुकडा बुडाला, आणि बाबा तो जिथे होता तिथेच टक लावून बसलेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं आहे, गेलेली नजर परत यायची नाही. "आता गळ देऊन टाकतो कोनाला तरी," बाबा म्हणाले आणि दिवसभर घरात बसू लागले. खाडी सुटली की हा माणूस खचणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मग मी हात धुऊन मागे लागले. आधी घुंगरू बांधून पाहिलं, तर ते वाऱ्यानेच वाजत राहिलं. शेवटी ऑनलाइन एक यंत्र मागवलं. गळाची काठी त्यावर टेकवायची, दोरा ओढला गेला की ते टीं टीं करतं. घरी मी दोरा ओढून दाखवला. "वाजतंय ना?" मी विचारलं. "हाय की, झ्याक वाजतंय," बाबा म्हणाले.

रविवारी खाडीवर यंत्र खणखणीत वाजलं. पलीकडचा बगळा उडाला. बाबा हलले नाहीत.

आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. लूमवाल्यांच्या घरी तीच रीत. कामावरचा आवाज घरी येतो आणि मग जातच नाही. त्यामुळे बाबांना असा बारीक, तीक्ष्ण आवाज कितीही मोठा असला तरी ऐकूच येत नाही, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग घरी हो का म्हणालात?" मी ओरडले.

"तुजं तोंड बघितलं जवळून. लय खूश होतीस."

मला रडू आलं आणि रागही आला, नेमका कुणाचा ते कळेना. ते मात्र शांतपणे काठी यंत्रावरून काढत होते. तेवढ्यात दोरा त्यांच्या बोटावर आला आणि ते थबकले. लूमवर सुताचा ताण ते असाच बोटाने बघायचे.

"खेकडा हाय," ते पुटपुटले. थोड्या वेळाने म्हणाले, "गेला." मग एकदम हिसका दिला आणि वर आली चांगली हातभर शिंगाळी, काटे उगारून. मी नाचायचीच बाकी होते.

"मलाही द्या," म्हणून मी दोरा माझ्या बोटावर घेतला. मला नुसती ओहोटीची ओढ लागत होती. बाबा हसले, दोरा काढून घेतला आणि म्हणाले, "ताजी कोलंबी लाव. अजून पानी उतरायचंय."

मी कोलंबी लावली. त्यांनी गळ टाकला, दोरा बोटावर घेतला आणि बाजूला पडलेल्या यंत्राकडे हनुवटीने दाखवलं.

"त्याचा आवाज कसा हाय गं?"

मी तोंडाने टीं टीं करून बघितलं, तर त्यांनी ऐकू येत नाही अशी मान हलवली. मग त्यांचा मोकळा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटाने भराभर टिचक्या मारल्या. बाबांनी डोळे मिटले. मी थांबले तरी हात तसाच पुढे.

"परत वाजव," ते म्हणाले.