थरथरता हात आणि बीजाच्या फळ्या

देवीदास रामटेके यांनी जुना रंधा डोळ्यासमोर धरला आणि त्याचा तळ उजेडाकडे केला. तळ सरळ आहे की पिळलेला, हे त्यांना एरवी एका नजरेत कळायचं. रेल्वेच्या वर्कशॉपमधून सुतार म्हणूनच ते रिटायर झाले होते. पण आज तळाची कड हलत होती. रंधा वाकडा आहे की आपला हात हलतोय, हेच त्यांना उमजेना.

"क्या देख रहे हो बाबूजी? असली शीशम है," रायपूरच्या पुरानी बस्तीतला तो अवजारवाला म्हणाला.

देवीदासांनी घाईघाईने रंधा काउंटरच्या काचेवर टेकवला आणि कोपरे दाबून पाहिले. डुगडुगला नाही. मग उलटा करून त्याचं तोंड पाहिलं, म्हणजे पातं जिथून बाहेर डोकावतं ती फट. फट अरुंद होती. हेच तर हवं होतं. घरच्या रंध्यांची तोंडं झिजून फाकली होती, आणि फाकलेल्या तोंडाचा रंधा बीजा झाडाच्या टणक लाकडावर चालवला की लाकडाच्या रेषा उपटून येतात. पाचर घट्ट बसत होती, अंगाला तडा नव्हता. त्यांनी रंधा घेतला. पिशवीत ठेवताना तो हातातून निसटलाच असता. अवजारवाल्याने पाहिलं की काय, म्हणून ते मागे न बघता बाहेर पडले.

काम विहाराचं होतं. त्यांच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या विहारासाठी नागपूरहून बुद्धमूर्ती येणार होती. समितीच्या दीपमालाताई गजभिये स्वतः घरी आल्या होत्या. "काका, मूर्तीची बैठक तुमीच करा. दुसऱ्याच्या हाती नाही द्यायचं," असं म्हणून त्यांनी बीजाच्या रुंद फळ्या आणून टाकल्या. कुणाच्या तरी पाडलेल्या घराच्या त्या फळ्या. एक बिघडली तर तशी दुसरी मिळणार नव्हती.

देवीदास हव म्हणून बसले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. थोरल्या भावाचाही हात असाच थरथरायला लागला होता. पुढे पुढे दादाला घासही दुसऱ्याने भरवावा लागे. देवीदासांनी ते जवळून पाहिलं होतं.

नवा रायपुरात नोकरी करणारा मुलगा यशदीप फोनवर म्हणाला, "पापा, बिजलीवाला रंदा ला दूँ? एक दिन में हो जाएगा."

"नको रे. मशीन बीजाले फाडते," ते म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. फिरतं पातं या हातात धरायची त्यांची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात त्यांनी पात्याला धार लावली. दगडावर पातं दाबून धरलं की हात बऱ्यापैकी शांत राही. खरी पंचाईत पुढे होती. लाकडी रंध्यात पातं पाचरीने अडकवायचं आणि हातोडीच्या हलक्या टिचक्यांनी केसभर बाहेर काढायचं. त्यांनी टिचकी मारली. हातोडी घसरली. पुन्हा मारली, जरा जोरात बसली. पातं किती पुढे आलं हे बोटाने चाचपायला गेले, तर बोटच स्थिर राहीना. असेल ठीक, असं मनाशी म्हणून त्यांनी रंधा फळीवर ढकलला.

कर्रकन आवाज झाला. नखाएवढा लाकडाचा कपचा उडाला आणि फळीच्या मधोमध खड्डा पडला.

देवीदासांनी रंधा बाजूला ठेवला. मग उठून त्यांनी फळ्यांवर ताडपत्री टाकली आणि घरात येऊन गुमान पेपर उघडला.

त्यांची बायको कांताबाई दुपारी वाळवण काढायला अंगणात गेली. परत आली ती थेट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"फळीले काय झालं?"

"लाकूडच तसं आहे."

"लाकूड काहून? हाताचं सांगा ना."

त्यांनी पेपराचं पान उलटलं.

"मी अर्धा कप चहा काहून देऊन राहिले इतके दिवस? सांडू नये म्हणून. तुमाले वाटलं, मले काही दिसत नाही?"

देवीदासांनी पेपर खाली ठेवला. "दादासारखं होईल मले," ते म्हणाले.

"होईल का नाही ते डॉक्टर सांगन. आधी दीपमालाले सांगून टाकू, काम जमत नाही म्हणून?"

"नको," ते पटकन म्हणाले. "एकदा पाहू."

कांताबाई पदर खोचून अंगणात आली. ते सांगत होते, ती टिचक्या मारत होती. पहिल्यांदा पातं फार पुढे आलं, दुसऱ्यांदा तिरपं झालं. तिसऱ्यांदा पाचर निघून पडली तेव्हा ती चिडली आणि तेही चिडले. शेवटी तिच्या बोटाला पात्याची धार जेमतेम जाणवली तेव्हा त्यांनी मान हलवली. रंध्याच्या पुढच्या टोकाशी त्यांनी दोरी बांधली. वर्कशॉपमध्ये रुंद फळीवर दोघं सुतार मिळून असाच रंधा चालवायचे. ती समोरून ओढणार, ते मागून दाबून ढकलणार. अंगाचा भार पडला की हात कमी थरथरतो, हे इथेही खरं ठरलं.

"हळू ओढ. रेषा उलटली की थांबजो."

पातळ सालपट निघालं. तिने दोरी पुन्हा ताणली.

खड्डा जाईपर्यंत ती फळी रंधून पातळ करावी लागली, आणि तिच्या बरोबरीने बाकीच्याही. बैठक ठरल्यापेक्षा पातळ झाली. मूर्ती ठेवली त्या सकाळी लोक वंदना म्हणत होते, आणि देवीदासांची नजर बैठकीच्या पायांवरून हटत नव्हती. मूर्ती डुगडुगली तर? तडा गेला तर? काही झालं नाही. दीपमालाताईंनी पातळ फळीबद्दल विचारलं, तेव्हा देवीदासांनी हाताचं सगळं सांगून टाकलं. ताईंनी ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर दिला.

डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावला, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. रेघ करवतीच्या दातांसारखी आली. भावाला होता तो कंपवात आज तरी दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी थरथर कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही; अधूनमधून दाखवत राहा.

"आज तरी म्हंजे?" देवीदासांनी बाहेर आल्यावर विचारलं.

"म्हंजे आज तरी," कांताबाई म्हणाली, आणि गोळ्या घ्यायला औषधाच्या दुकानाच्या रांगेत उभी राहिली.