कापलेली खाट

बुलढाण्यातल्या एका एडिटरनं माझ्या शेजारच्या मावशीला फसवलं. मलाही फसवलं, पण माझं मी बघून घेतो. तिचं बघायला कोणी नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी धामणगाव बढ्याचा. आठवडी बाजारात प्लास्टिकच्या बादल्या विकून वर आलो, मग लग्नांच्या शूटिंगचा धंदा टाकला. दुसऱ्यांच्या वराती कितीतरी वर्षं काढल्यावर वाटलं, एक पिक्चर आपला स्वतःचा करावा. गोष्ट लहान होती. एक बाई चुलीपुढे भाकरी थापते आहे आणि खाटेवर पडलेल्या नवऱ्याला तोंड सोडून बोलते आहे. बोलणं संपत आलं की कॅमेरा वळतो. खाट रिकामी. नवरा कधीचाच गेलेला.

मावशी स्वतः विधवा, दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणारी. गोष्ट ऐकून म्हणाली, "माह्या घरी कर. खाट त्याहीचीच आहे."

तिच्या घरामागे पिठाची चक्की. त्या घरघरीत काही रेकॉर्ड होईना. चक्कीवाल्याकडे गेलो.

"बंद ठेवतो ना. पण माह्या पोराले हिरो घे."

"हिरोच नाही पिक्चरमधी."

"मंग हिरोईन?"

"मावशी."

"अबे, मंग हा कायचा पिक्चर बे!"

घासाघिशीत मला हरवणारा अजून भेटलेला नाही. त्याच्या चक्कीची पाटी एका शॉटमध्ये दाखवायची, एवढ्यावर त्याला आणलं. तरी रोज काहीतरी आडवं यायचंच. लाइट जायची, बकरी ओरडायची, कोणीतरी दारातून डोकावून मावशीला जेवण झालं का विचारायचं. मी चिडायचो, शिव्या घालायचो. मावशी नवीन पीठ मळून बसायची.

एका सकाळी ते जमलं. "काऊन पडले हो अजून? दिवस डोक्यावर आला. भाकर थंडी होऊन राह्यली. मी मेल्यावर उठसान का?" ती हे मी लिहून दिल्यासारखं बोलत नव्हती. मी कॅमेरा हळूहळू खाटेकडे नेला.

एकच सीन राहिला होता. शेवटी ती त्या खाटेवर पहिल्यांदा बसते, एवढाच. तोपर्यंतचं काम जोडायला हार्डडिस्क घेऊन मी बसनं बुलढाण्याला गेलो. एडिटर ओळखीचा होता, लग्नाचे अल्बम त्याच्याकडेच व्हायचे, म्हणून डिस्क त्याच्यापाशी ठेवून आलो.

पुढं काय झालं ते मला लोणारच्या एका लग्नात कळलं. मी स्टेजसमोर कॅमेरा लावत होतो आणि मागे वऱ्हाडी मंडळी मोबाइल बघून हसत होती. आवाज मावशीचा. एडिटरनं सीन खाटेच्या आधीच कापला होता, मागे हसण्याचे आवाज टाकले होते आणि वर लिहिलं होतं, 'खतरनाक वऱ्हाडी बायको'.

मी त्याच्या दुकानात गेलो.

"भाऊ, पूर्ण सीन कोण पाह्यते? आपली भाषा कानावर पडली का लोक हसतेच. मावशी फेमस झाली ना!"

मी त्याच्या कॉम्प्युटरची वायर उपटली, डिस्क घेतली. शेजारच्या दुकानदारांनी मला धरलं नसतं तर आणखीही काही उपटलं असतं. त्यानं क्लिप काढून टाकली, पण तोवर ती सगळ्यांच्या मोबाइलवर गेली होती. वावरात बाया मावशीला तिचेच बोल ऐकवून हसायच्या. ती माझ्या दारात आली. रागावली नाही. एवढंच विचारलं, "खाट काऊन नाही दाखवली रे? तू तं म्हणे शेवटी खाट दिसते."

तेव्हापासून ती कॅमेऱ्यासमोर बसत नाही. मी पिक्चर सोडलेला नाही. बुलढाण्याच्या नाटकातली एक बाई आणून शेवटचा सीन करून पाहिला. चांगली बसली ती खाटेवर, पण पाहुण्यासारखी. तो सीन मी फेकला. दर बाजाराच्या दिवशी मावशीकडे जातो, चहा पितो, विषय काढतो, ती चुलीत काडी सारते. सौदा तुटला की मी उठून जाणारा माणूस. इथे उठवत नाही.

एकदा ती आपणहून बोलली.

"बसीन मी. पण आधी त्याले आण. सारा सीन त्याले माह्यासमोर दाखव, खाट येईस्तोवर. मंग हस म्हणा त्याले."

मी फोन केला. एडिटर म्हणाला, "भाऊ, लगीनसराई आहे, म्हातारीले समजाव." पुन्हा केला, त्यानं उचलला नाही.

मावशीला मी काही समजावणार नाही. तिचा सौदा सरळ आहे, आणि एवढा सरळ सौदा मी बाजारात कधी पाहिला नाही. एडिटर भाऊ, तुझी लगीनसराई संपली आहे, दुकान उघडं आहे, हे मी डोळ्यांनी बघून आलो. धामणगावची बस तुझ्या दुकानावरूनच जाते. तू तिच्यासमोर येऊन बसणार का नाही, ते बोल. मला नको सांगू, तिला सांग.