खदानीवरची पंच्याहत्तरी

मी लातुरात डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना 'परिसंस्था' शिकवायचे. क्लासच्या हॉलमध्ये, माईक लावून. पोरं लई हुशार. "मॅडम, यावर प्रश्न येतो का?" एवढंच विचारायची.

रेणापूरकडं आमचं माळरान होतं. भूकंपानंतर नवी गावं वसायला लागली तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथला मुरूम फुकट उचलू दिला. "लोकांची घरं उभी राहू दे," म्हणाले. घरं उभी राहिली आणि आमच्या रानाची खदान झाली. किती पाऊस पडला तरी तिथं काडी उगवेना.

शाळेतून रिटायर झाल्यावर अण्णा त्या खड्ड्याच्या मागं लागले. उतारावर दगडांच्या ओळी लावल्या, कुसळी गवताचं बी गोणी भरून आणून फेकलं, शेणाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या. आई म्हणायची, "म्हाताऱ्याला येड लागलंय." आधी तरवडाची झुडपं आली, मग रुई. एक दिवस अण्णा फोनवर ओरडले, "अगं माय, शेण लोटणारा भुंगा आला!" पुढं तरवडावर पिवळी फुलपाखरं अंडी घालायला लागली, मुरमात भोकं पाडून रानमाश्या राहायला आल्या. दर रविवारी मला बघायला बोलवायचे. मला कुठला वेळ? रविवारी टेस्ट असायची.

त्यांच्या पंच्याहत्तरीला मी ठरवलं, खदानीत झाडं लावायची. आधी सांगायचं नाही, एकदम दाखवायचं. क्लासची पोरं टोप्या घालून आली, बॅनर लागला, गुलमोहराची रोपं उतरली. जेसीबीवाल्यानं विचारलं, "मॅडम, ही झुडपं?"

"काढा ओ सगळी. फोटोत घाण दिसतंय."

मीच म्हणाले. तेव्हाच जीभ का झडली नाही माझी! जीवशास्त्राची डिग्री घेतलेली बाई मी.

अण्णांना आणलं तेव्हा खदान सारवलेल्या अंगणासारखी साफ होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या, गळ्यात हार घातला. अण्णांनी वाकून उपटलेल्या तरवडाची एक फांदी उचलली. पानाखाली फुलपाखराची हिरवी अळी चालत होती. तिला कुठं सोडावं म्हणून ते इकडंतिकडं बघत राहिले. एकही तरवड शिल्लक नव्हता.

"माय," ते हळूच म्हणाले, "पोरांना तू हेच शिकवतीस का?"

तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "आजोबा, जरा हसा की!"

आणि माझ्या पोरांपुढं माझी लाज जाऊ नये म्हणून, अळी मुठीत धरून, माझा बाप हसला.